पाचोळ्याला नमस्कार

थट्टेकाडच्या नावातच थट्टा आहे, हे गृहस्थांच्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता.

निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी दहा बाय बेचाळीसची दुर्बीण घेतली. तीन महिने पुण्यातल्या गच्चीवर सराव केला, म्हणजे मुख्यतः समोरच्या सोसायटीतले वाळत घातलेले कपडे पाहिले. तेवढ्या बळावर फेब्रुवारीतल्या एका पहाटे, केरळात पेरियारच्या काठी, थट्टेकाडला, ते गाइडलाच माहिती देऊ लागले: सलीम अलींनी 1930च्या दशकात इकडचे पक्षी कसे धुंडाळले, 1983मध्ये या जेमतेम 25 चौरस किलोमीटरच्या अभयारण्याला त्यांचेच नाव कसे मिळाले. गाइड याच झाडांखाली लहानाचा मोठा झालेला. "यस सार, यस सार" म्हणत तो नुसत्या कानांनी पक्षी टिपत चालला होता.

एवढ्यात टुक्‌ टुक्‌ ऐकू आले. "तांबट!" गृहस्थ ओरडले. दुर्दैवाने ते बरोबर निघाले.

मग त्यांना कोण आवरणार? आमच्या मराठीत पाखरांची अख्खी बलुतेदारी आहे, हे त्यांनी हिंदीत समजावायला घेतले. पाने शिवतो तो शिंपी. खोड टोकरतो तो सुतार. पाणवठ्यावर शेपूट आपटत हिंडतो तो धोबी. भक्ष्य काट्याला टांगून ठेवतो तो खाटीक. तुरा मिरवणारा बुलबुल शिपाई, आणि कावळ्या-घारींनाही पिटाळून लावणारा तो कोतवाल. इंग्रजांना शिंपी सुचला, तांबटही सुचला, पण कोतवाल नेमायचा राहून गेला! हे सगळे सांगून होईपर्यंत दोन पक्षी येऊन गेले होते. बायकोने ते पाहिले.

ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला तो बेडूकतोंड्या मात्र बाकी होता. मल्याळीत माक्काच्चिकाडा, तिथेही बेडूकच. "याला धंदा नाही ना, म्हणून तोंडावरून नाव," गृहस्थ म्हणाले. "दिवसभर नुसता बसून असतो."

गाइडने एका जाळीत बोट दाखवले. गृहस्थांनी दुर्बीण रोखली. तपकिरी, स्तब्ध, अद्‌भुत! पाच मिनिटे श्वास रोखून पाहिले, वहीत वेळ टिपली, नकळत हातही जोडले.

"सार," गाइड हलक्या आवाजात म्हणाला, "दॅट ईज लीफ. बर्ड लेफ्ट साइड."

बायको केव्हापासून डावीकडेच पाहत होती.

आता निदान पक्ष्याचा डोळे मिटलेला फोटो तरी नको, म्हणून गृहस्थांनी सुचवले, "जरा टाळी वाजवा ना." इतका वेळ हसतमुख असलेल्या गाइडचा चेहरा उतरला. त्याने टाळी वाजवली नाही, गृहस्थांचा हात धरून त्यांना चार पावले मागे नेले. पक्षी नर आहे, त्याच्या पोटाखाली अंडे आहे, एकच. घरटे म्हणजे स्वतःच्या पिसांची वाटीएवढी गादी. दिवसभर बाप हलत नाही; हलला तर अंडे उघडे पडते आणि शत्रूच्या नजरेस येते. फ्लॅश मारणारे, फांद्या हलवणारे रोज येतात, असेही तो म्हणाला. गृहस्थांकडे न बघता.

गृहस्थांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. दुपारपर्यंत ते काही बोलले नाहीत. बायकोला हे त्या दिवसाचे सर्वांत दुर्मीळ दर्शन वाटले.

परतीच्या गाडीत त्यांनी पुस्तक उघडले. बेडूकतोंड्या गोव्याच्या जंगलांतही राहतो. गोव्याला ते आजवर नऊदा जाऊन आले आहेत.