कंपनीवाले काका

पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, तिथे एक कंपनीवाले काका असतातच. उभी हयात कंपनीत गेली. पहाटेची फर्स्ट शिफ्ट, कंपनीची बस, कंपनीचं कॅन्टीन, दिवाळीला कंपनीचा बोनस. निवृत्त झाल्यावर माणसाने करायचं काय? काका कंपनी देतात.

कुणाला आरटीओत जायचं असतं, कुणाला दाताचं रूट कॅनॉल करायचं असतं, कुणाला सेकंडहँड गाडी बघायची असते. "काका, येता का जरा? कंपनी होईल," एवढं वाक्य खालून ऐकू आलं की काका चपला घालूनच उत्तर देतात. काम काय, किती वेळ लागेल, हे प्रश्न ते विचारत नाहीत. त्यांना त्या कामातलं कळतंच असंही नाही. लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात ते पंख्याखालची खुर्ची धरतात, दुकानदाराचा चहा घेतात आणि साडेतीन तासांनी एकच मत देतात : "पहिली होती ती बरी होती." गॅरेजमध्ये मात्र त्यांचा आवाज चढतो. मेकॅनिकने "पार्ट कंपनीचा टाकू की लोकल?" असं विचारलं की गाडीच्या मालकाने तोंड उघडण्याआधी काका गरजतात, "कंपनीचाच टाक!" पैसे अर्थात मालकाचे.

काका कंपनीत लागले तेव्हा गावात पेढे वाटले होते. त्यांच्या आजोबांच्या काळी मात्र पोरगा कंपनीत गेला म्हटलं की घरात सुतक पडायचं, कारण ती कंपनी नाटकाची असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि पुढची कैक वर्षं गोड गळ्याची मुलं घरातून नाहीशी होत राहिली. पाटीवर 'मंडळी' लिहिलेलं असलं, तरी लोकांच्या तोंडी कंपनीच. मग १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, पाठोपाठ एमआयडीसी, आणि तीच कंपनी एकदम स्थळाच्या वर्णनात जाऊन बसली. 'मुलगा कंपनीत आहे' म्हटल्यावर मुलीचा बाप कुठल्या कंपनीत म्हणून विचारायचा, पण आवाज मऊ करून.

काकांची खरी कसोटी 'बसायला' जाताना लागते. ते घेत नाहीत. "मी नुसता कंपनीला," म्हणत लिंबू सोडा मागवतात आणि मसाला शेंगदाण्यांची बशी हळूहळू स्वतःकडे ओढतात. पिणारे दुःख सांगतात, काका मान डोलावतात आणि बशी रिकामी होते. बिल सारखं वाटून घ्यायची वेळ आली की काकांना घरून फोन येतो. आमच्या मते यात गैर काही नाही. चार तास दुसऱ्याच्या साहेबाच्या तक्रारी शुद्धीवर राहून ऐकायच्या, त्यापुढे शेंगदाणे म्हणजे काय!

थर्टी फर्स्टला गच्चीवर काका इतिहास सांगतात, तो मात्र ऐकावा. एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती ३१ डिसेंबर १६०० रोजी. दुसऱ्या बाजीरावाने त्याच कंपनीशी वसईचा तह केला, तोही ३१ डिसेंबरलाच, १८०२ साली. होळकरांच्या धास्तीने पेशव्यांना सोबत हवी होती. कंपनीने दिली. तैनाती फौज आली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख गेला. पंधरा वर्षांत, नोव्हेंबर १८१७ मध्ये, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. "म्हणून सांगतो," काका चकलीचा तुकडा मोडत म्हणतात, "थर्टी फर्स्टला कंपनी बघून घ्यावी." त्यांच्यासमोरची चकली कुणाच्या घरची, हे विचारायचं धाडस कोणी करत नाही.

सगळ्या जगाला उपलब्ध असलेले काका एकाच व्यक्तीला मिळत नाहीत. काकू दळण आणायला एकट्या जातात, गुडघ्याच्या डॉक्टरकडेही एकट्याच. "दळणाला कसली कंपनी?" हे काकांचं म्हणणं. "तेहतीस वर्षं कंपनीत होता म्हणून घरात नव्हता. आता कंपनी देता म्हणून घरात नाही," हे काकूंचं. दोघांत काकूंचंच बरोबर आहे, पण तसं काकांना सांगायला गेलं तर ते म्हणणार, "चल, सांगायला तुझ्याबरोबर मीही येतो."

परवा सोसायटीतल्या एका तरुणाने नोकरी सोडून धंदा सुरू केला. भागीदार कोणी नाही. २०१३च्या कायद्याने आता एकट्या माणसालाही कंपनी काढता येते, हे ऐकून काका दिवसभर अस्वस्थ होते. एकट्याची कसली आली कंपनी? संध्याकाळी त्यांना कळलं, की एकट्याच्या कंपनीलाही कायदा एक नॉमिनी मागतो. तेव्हा कुठे त्यांना जेवण गेलं.

तुम्हीही तशी कंपनी काढणार असाल आणि कागद घेऊन सीएकडे जायचं असेल, तर काका मोकळे आहेत. बाइकवर मागे बसतील. हेल्मेट मात्र तुमचं, आणि येताना वडापाव.