एकोणपन्नास हजारांची सवय

“एकदम भरू नका, थोडे थोडे भरा.” घरात बरीच रोकड आली की पहिला सल्ला हाच मिळतो. शेजारी देतो, मेहुणा देतो, कधी काउंटरपलीकडचा माणूसही आवाज खाली करून देतो. ऐकणाऱ्याच्या पिशवीत कांद्याचे पैसे असतात, मोडलेल्या सोन्याचे असतात, नाहीतर आईच्या कपाटात वर्षानुवर्षं साठलेले. पैसा घामाचा असतो, तरी माणूस घाबरलेला असतो. मग सोमवारी ४९ हजार, बुधवारी ४९ हजार, शुक्रवारी बायकोच्या खात्यात ४८ हजार. हा सल्ला वाईट आहे. देणाऱ्यांनी तो देणं थांबवावं आणि घेणाऱ्यांनी ऐकणं.

दिवसाला ५० हजारांच्या वर रोख भरली की पॅन मागतात, एवढं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पॅन दिला की आयकरवाले येणार, हे त्यांचं त्यांनीच जोडून घेतलं. त्यातून ही एकोणपन्नास हजारांची सवय लागली. बँकेचं यंत्र काय बघतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

ते सांगतो. बँक तीन वेगवेगळ्या कारणांनी वर कळवते. पहिलं कारण रकमेचं. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, तो लागू झाला १ जुलै २००५ पासून. १० लाखांवरच्या प्रत्येक रोख व्यवहाराची माहिती बँक पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिल्लीतल्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला पाठवते. त्याच नियमात पुढे लिहिलंय की एकमेकांशी जोडलेले छोटे रोख व्यवहार एका महिन्यात मिळून १० लाखांवर गेले, तर तेही कळवायचे. म्हणजे तुकडे करणाऱ्याचा विचार नियम लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेला आहे.

दुसरं कारण वर्षाच्या बेरजेचं. एका बँकेतल्या तुमच्या बचत खात्यांत मिळून आर्थिक वर्षात १० लाख रोख जमा झाले, की बँक ते ३१ मेपर्यंत आयकर खात्याला कळवते. चालू खात्यासाठी हा आकडा ५० लाख आहे. ४९ हजारांचे एकवीस भरणे केले तरी बेरीज १० लाखांवर जातेच. ही नोंद तुम्हालाही दिसते: नोव्हेंबर २०२१ पासून आयकराच्या संकेतस्थळावर प्रत्येक करदात्याचं वार्षिक माहिती विवरण असतं, ते उघडून बघावं.

तिसरं कारण संशयाचं, आणि इथे रकमेला खालची मर्यादाच नाही. व्यवहार पाहून बँकेला संशय आला, तर लाखाचा असो की दहा हजारांचा, तो स्वतंत्रपणे कळवायचा असतो. हे खातेदाराला सांगायची बँकेला परवानगी नसते. संशय कशावरून येतो? मर्यादेच्या जरा खाली, वारंवार, वेगवेगळ्या खात्यांत भरलेल्या रोख रकमांवरून. बँकांच्या यंत्रणा हाच नमुना शोधायला बसवलेल्या आहेत. कांद्याचे ११ लाख एकदम भरणाऱ्याचं नाव पहिल्या यादीत गेलं असतं. त्या यादीत हजारो प्रामाणिक व्यापाऱ्यांची नावं दर महिन्याला जातात आणि पुढे काही होत नाही. तुकडे करून भरणारा स्वतःच्या पायाने तिसऱ्या यादीत जातो. शेजाऱ्याच्या सल्ल्याची किंमत ही.

अमेरिकेत तर १९८६ पासून अहवाल चुकवण्यासाठी रक्कम तोडणं हाच गुन्हा आहे. प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती डेनिस हॅस्टर्ट यांनी जुन्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण दडपण्यासाठी पैसे दिले, आणि त्यासाठी १० हजार डॉलरच्या खाली राहत अनेकदा खात्यातून रोकड काढली. २०१५ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, पुढच्या वर्षी पंधरा महिन्यांची कैद झाली. शिक्षा झाली ती पैसे असे तोडून काढण्याबद्दल. पण त्याच कायद्याखाली २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका साध्या दुकानदाराचे १ लाख ७ हजार डॉलर सरकारने उचलले. गल्ल्यातले पैसे तो कमी-कमी रकमांत भरत होता, एवढंच. पैसे परत मिळायला २०१५ उजाडलं. मूळ पैसा बेकायदा असल्याखेरीज अशी जप्ती करता येणार नाही, ही दुरुस्ती तिथे २०१९ मध्ये झाली. यंत्राला चोर आणि किराणावाला सारखेच दिसतात. म्हणून किराणावाल्याने चोरासारखं वागू नये, आणि सरकारने किराणावाल्याला चोर समजू नये.

आपल्याकडे अहवाल गेला म्हणजे आरोप झाला, असा अर्थ नाही. कर लागतो असाही नाही. कुणी विचारलंच तर प्रश्न एकच असतो: पैसा कुठून आला? त्याचं उत्तर कागदावर असलं पाहिजे. शेतकऱ्याकडे सातबारा, पीक पेऱ्याची नोंद आणि बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या. सोनं मोडलं असेल तर सराफाची पावती. आधी बँकेतून काढलेले पैसे परत भरत असाल तर पासबुकावरची ती ओळ. पट्टी खिशातून धुलाईत जाते आणि दोन वर्षांनी नोटीस येते, तेव्हा जीव कासावीस होतो. पट्ट्या जपा. घरात सोन्याची डबी जिथे ठेवता तिथे ठेवा.

बायकांच्या पैशाचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे पावती नसते. नोटबंदीनंतर २०१७ च्या जानेवारीत आयकर खात्याने ‘ऑपरेशन क्लीन मनी’ सुरू केलं आणि सुमारे १८ लाख लोकांना रोख भरण्याबद्दल विचारणा केली. पुढच्याच महिन्यात खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की धंद्याचं उत्पन्न नसलेल्या व्यक्तीने अडीच लाखांपर्यंत भरले असतील तर जास्त खोलात जाऊ नका, सत्तरीपुढच्यांसाठी ५ लाखांपर्यंत. तरीही ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने भरलेले २ लाख ११ हजार ५०० रुपये अधिकाऱ्याने अघोषित उत्पन्न ठरवले. ती बाई लढली. २०२१ मध्ये आग्र्याच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला: घरखर्चातून, नवऱ्या-मुलांकडून, नातेवाइकांकडून आलेले पैसे साठवून गृहिणीने नोटबंदीत भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम तिचं उत्पन्न धरता येणार नाही. निकाल त्या काळातल्या भरण्यापुरता आहे, तरी मला तो फार मोलाचा वाटतो. चार आणे-आठ आणे वाचवून संसार सावरणाऱ्या बाईला पावती मागणारी व्यवस्था एकदा तरी थांबून ऐकायला तयार झाली.

आता खरा धोका सांगतो, कारण त्याबद्दल कुणी आवाज खाली करूनही सल्ला देत नाही. धोका बँकेत रोख भरण्यात नाही, लोकांकडून रोख घेण्यात आहे. १ एप्रिल २०१७ पासून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. एका माणसाकडून एका दिवसात नाही, एका व्यवहारापोटी नाही, आणि एका प्रसंगापोटीही नाही. लग्नाचं बिल मांडवाचं वेगळं, जेवणाचं वेगळं, रोषणाईचं वेगळं असं फाडून एकाच ठेकेदाराला दिलं तरी प्रसंग एकच राहतो. दंड किती? घेतलेल्या रकमेएवढाच. आणि तो घेणाऱ्याला. अडीच लाख घेतले, अडीच लाख दंड. कांदा विकून व्यापाऱ्याकडून एकदम २ लाख रोख घेणारा शेतकरीही यात सापडतो. त्याच्या आत घेतले तर अडचण नाही, हे खात्याने २०१७ मध्येच स्पष्ट केलं होतं. बँक, पोस्ट आणि सहकारी बँक यांना ही मर्यादा लागू नाही. म्हणजे तुमचेच ३ लाख तुम्ही बँकेत एकदम भरू शकता. लोक नेमकं उलटं करतात: बँकेत भरायला घाबरतात आणि पाहुण्याकडून ५ लाख रोख बिनधास्त घेतात.

इसाराचं तर विचारूच नका. गावोगावी प्लॉटचा, शेताचा इसार रोख देतात-घेतात, स्टँपवर लिहितात. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, मग पुढे व्यवहार होवो की मोडो. मोडला आणि इसार रोखीने परत केला, तर परत करणाराही अडकतो. वाजवी कारण पटवता आलं तर दंड सुटतो, पण पटवायचं तुम्हालाच. आणि आता हा कागद लपून राहत नाही. १६ एप्रिल २०२५ ला बंगळुरूच्या एका जागेच्या वादात, जिथे ७५ लाख रोख दिल्याचा दावा होता, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २ लाख किंवा जास्त रोख दिल्याचा दावा कोर्टात आला तर कोर्टाने आयकर खात्याला कळवायचं. नोंदणीला आलेल्या दस्तात असं लिहिलं असेल तर दुय्यम निबंधकाने कळवायचं, न कळवल्यास त्याच्यावर कारवाई. म्हणजे इसार बुडाला म्हणून दावा लावायला जाणाऱ्याच्या हातातली इसारपावती आधी आयकर खात्यात पोचेल. तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या स्टँपवेंडरने आणि दस्तलेखकाने हे पहिल्या ओळीत सांगायला हवं. पैसे देताना चेक द्या, घेताना चेक मागा.

हे २० हजार कुठून आले? १९८४ मध्ये रोख उसनवारीवर कायदा आला तेव्हा मर्यादा १० हजार होती. छाप्यात सापडलेली रोकड नातेवाइकांकडून उसनी घेतल्याचे जुन्या तारखांचे कागद दाखवून लोक सुटत होते, ते बंद करायचं होतं. हेतू बरोबर होता, आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. १ एप्रिल १९८९ ला मर्यादा २० हजार झाली आणि तिथेच थांबली. तेव्हा २० हजारांत पाच-सहा तोळे सोनं येत होतं, आज पाव तोळाही येत नाही. २०२५ चा नवा आयकर कायदा आला, कलमांचे सगळे क्रमांक बदलले, २० हजार मात्र तेच. प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी २०२३ मध्ये ही मर्यादा २ लाख केली, म्हणजे ती वाढवता येते हे सरकारला ठाऊक आहे. दवाखान्यासाठी मावशीकडून रात्री २५ हजार उसने घेणारा रिक्षावाला आणि काळा पैसा फिरवणारा बिल्डर एका रेषेत उभे राहतात, हा अन्याय आहे. रेषा लाखावर न्या. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र नसेल तर कायदा उसनवारीला सूट देतो. ही सूट मजुराला का नाही?

निवडणुकीतही रोकडीबद्दल असाच गैरसमज. आचारसंहिता लागली की ५० हजारांवर रोकड नेता येत नाही, असं गावभर पसरतं. बाजाराला निघालेला व्यापारी नाक्यावर तासन् तास उभा राहतो. निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीत मात्र ५० हजारांवरची जप्ती उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, कार्यकर्ता किंवा प्रचारसाहित्य असलेल्या गाडीशी जोडलेली आहे. १० लाखांवर रोकड सापडली आणि गुन्ह्याचा किंवा उमेदवाराशी संबंधाचा संशय नसेल, तर ती जप्त न करता आयकर खात्याला कळवायचं असतं. चुकून पैसे अडकलेच, तर त्यासाठी जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची तक्रार समिती असते. तिच्याकडे अर्ज करता येतो, हे नाक्यावर पैसे गमावणाऱ्या किती जणांना कुणी सांगतं?

बँकांना माझं एकच सांगणं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे शाखेतले फलक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावायचे असतात. विम्याचे, म्युच्युअल फंडाचे, सोनेतारण कर्जाचे रंगीत फलक लागतात, तसा रोख रकमेचा एक फलक काउंटरशेजारी मराठीत लावा. तुमची कितीही रक्कम एकदम भरा, तोडू नका. १० लाखांवर गेली तर आम्ही कळवतो, तो आरोप नाही. पट्टी, पावती, पासबुक जपून ठेवा. कुणाकडूनही २ लाख रोख घेऊ नका, उसनवारी आणि इसारात २० हजारही नको. एवढ्या चार ओळींना वरून परवानगी लागू नये. लासलगावच्या, पंढरपूरच्या, जालन्याच्या शाखाधिकाऱ्याने पुढच्या बाजाराच्या दिवसाआधी त्या लावाव्यात. आणि त्यानंतर काउंटरवरून कुणी “थोडे थोडे भरा” म्हणालं, तर खातेदाराने त्याला तो फलक वाचून दाखवावा.