वाईहून कुरव पाहायला

समुद्रपक्षी पाहायला निघण्याआधी वाईकराने एकदा आपल्या नदीकडे बघून घ्यावे. कृष्णा उगमापाशी अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर असते. तरी ती तिकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पाण्याला जी वाट नको वाटली, त्या वाटेने आपण मुलाबाळांसह निघालो आहोत, हे ध्यानात असू द्यावे.

पहाटे पाचला निघायचे ठरवावे, म्हणजे आठपर्यंत पसरणी घाट लागतो. मग पाचगणी, महाबळेश्वर आणि आंबेनळी उतरून पोलादपूर. दुर्बीण डिकीत टाकली तरी चालेल. पिशव्या मात्र हाताशी हव्यात. आंबेनळीत पक्षी कोणी पाहत नाही.

दुर्बीण एक, माणसे आठ. पहिला मान आत्याचा. ती उलट्या बाजूने बघते, ‘केवढा लांब गेलाय गं बाई!’ म्हणते आणि लगेच परत देते. काकांना शेवटी द्यावी, कारण त्यांच्याकडून ती परत येत नाही.

ओळख पटवणे सोपे आहे. आपण विश्वकोशाच्या गावचे, तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणायची सोय नाही. पांढरा आणि सडपातळ दिसला की ‘सुरय’, अंगाने भरलेला दिसला की ‘कुरव’, आणि पाय फारच लांब असतील तर ‘शेकाट्या’. शंका काढणाऱ्या भाच्याला दशमी द्यावी.

हर्णे बंदरात संध्याकाळी पोचावे. तेव्हा मासळीचा लिलाव चालू असतो आणि सगळे कुटुंब सुरमईच्या भावाकडे वळते. वर बघणारे आपण एकटेच उरतो. वर कुरव नसतात. तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळा आपल्या किनाऱ्यावर काढतो आणि ऊन तापू लागले की लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर विणीला जातो. आपल्याला सुट्टी लागते तोवर त्याची संपलेली असते. हे घरी सांगू नये. पेट्रोलचा हिशेब निघतो. कुरवच पाहायचे असतील तर जानेवारीत रजा टाकावी, आणि मुलांच्या शाळेला काय सांगायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

मेमधली यादी अशी भरते: कावळा, घार, ब्राह्मणी घार, समुद्री बगळा. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी ढोल्या गणपतीच्या घाटावर जावे. पायरीशी, पाण्याच्या कडेला, विणीच्या दिवसांतली तांबूस पाठ मिरवत वंचक उभा असतो. त्याला यादीत पाचवा धरायला हरकत नाही.