वैर असावे तर असे

मराठी माणसाला नीट भांडता येत नाही, हे एकदा मान्य करून टाकावे. बांधावरून दोन भावांचे वाजले, की पहिल्या दिवशी बोलणे बंद, दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या घरचे पाणी वर्ज्य, आणि तिसऱ्या पिढीला कळते, की निम्मे शेत वकिलाच्या फीपोटी गेले. भांडण आणि धंदा यांची अशी गल्लत करणाऱ्या समाजाने ॲपल आणि सॅमसंग यांच्याकडे शिकवणी लावावी.

एप्रिल 2011 मध्ये ॲपलने कॅलिफोर्नियात सॅमसंगवर दावा ठोकला. अनेक तक्रारींपैकी एक अशी, की आमच्या फोनचे गोलसर कोपरे यांनी उचलले. कोपरा गोल केला की त्यावर मालकी सांगता येते, हे आमच्या सुताराला कधी सुचले नाही. म्हणून तो आजही पाटच बनवतो आहे. 24 ऑगस्ट 2012 रोजी सॅन होजेच्या ज्युरीने सॅमसंगला सुमारे 105 कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितले. आपल्याकडे यानंतर एकमेकांच्या लग्नातही कोणी गेले नसते. पण त्या वेळी आयफोनचा मेंदू, म्हणजे त्याची मुख्य चिप, सॅमसंगच बनवत होती. कोर्टात प्रतिवादी, गोदामात पुरवठादार. एका खिडकीतून नोटीस जाते आणि शेजारच्या खिडकीतून ऑर्डर, याला म्हणतात कामाची वाटणी.

त्याच वर्षी लंडनच्या न्यायमूर्तींनी उलटा निकाल दिला. सॅमसंगचा टॅब ही आयपॅडची नक्कल नाही, कारण तो आयपॅडइतका ‘कूल’ नाही, असे त्यांचे निरीक्षण. मुलगी दिसायला डावी आहे असा शेरा मिळाला आणि वधूपिता खटला जिंकला! अपमान झाला, पण खर्चात पडला नाही, हा हिशेब ज्याला कळला तो व्यापारी.

पुढे 2017 मध्ये आयफोन टेन आला. त्याचा झळाळता ओलेड पडदा पुरवला सॅमसंगने. पडद्याचे कोपरे अर्थातच गोल होते. ज्याच्यावर कोपऱ्यांच्या चोरीचा आळ, त्याच्याकडूनच रोख मोजून कोपरे विकत घ्यायचे, आणि खटलाही चालू ठेवायचा! अखेर जून 2018 मध्ये समेट झाला. अटी गुप्त राहिल्या.

ॲपलचे गूगलशी असलेले वैर तर याहून सात्त्विक. गूगल तुमच्या माहितीवर पोट भरते आणि आम्ही ती जपतो, ही ॲपलची भूमिका सर्वांना तोंडपाठ आहे. तरीही आयफोनच्या सफारीत काही शोधायला गेले, की उत्तर गूगल देते. या जागेपोटी 2022 या एका वर्षात गूगलने ॲपलला 2000 कोटी डॉलर दिले, असे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झाले. दारावर ‘येथे गुप्तता पाळली जाते’ अशी पाटी लावायची आणि ओसरी मात्र चहाडखोर शेजाऱ्याला भाड्याने द्यायची. भाडे वेळेवर येत असेल, तर यात विसंगती शोधणारा माणूस मत्सरीच म्हटला पाहिजे.

मतभेदही किती अल्पायुषी! 2020 मध्ये ॲपलने खोक्यातून चार्जर काढला, तेव्हा सॅमसंगने खिल्ली उडवली. जानेवारी 2021 मध्ये सॅमसंगच्या नव्या फोनच्या खोक्यातूनही चार्जर गेला, आणि ती खिल्लीही.

पण कंपन्यांची ही सगळी थोरवी एका पारड्यात आणि त्यांच्या भक्तांची दुसऱ्या पारड्यात घातली, तर भक्तांचेच पारडे खाली जाईल. 1997 मध्ये बॉस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्सने जाहीर केले, की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये 15 कोटी डॉलर गुंतवणार आहे. मोठ्या पडद्यावर बिल गेट्स झळकले, आणि सभागृहातल्या ॲपलभक्तांनी हुर्यो उडवली. कंपनी गटांगळ्या खात होती, पण भक्तांनी इमान सोडले नाही. पैसे घ्यायचे काम त्यांनी जॉब्सवर सोपवले. एप्रिल 2023 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपलचे दुकान उघडले, तेव्हा एक जण घरचा जुना मॅकिंटॉश संगणक घेऊन आला होता. देवघरातला टाक जेजुरीला देवाच्या भेटीला न्यावा, तसा. इतक्या निरपेक्ष प्रेमाला कुठलाही भागधारक पोहोचणार नाही, कारण त्याला लाभांश मिळतो.

आमच्याही घरात असे दोन वीर आहेत. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर माझा भाचा आणि आमचे जावईबापू यांच्यात कोणाचा कॅमेरा चांगला यावरून जुंपली. भाचा सॅमसंगच्या बाजूचा, जावईबापू ॲपलचे. चकली अर्धी टाकून दोघे उठले, आणि तेव्हापासून अबोला आहे. मी मध्यस्थी करायला गेलो. म्हटले, अहो, तुमच्या कंपन्यांनी 2018 मध्येच मिटवले आहे.

दोघांनीही, स्वतंत्रपणे, एकच प्रश्न विचारला : कोणत्या अटींवर?

त्या गुप्त आहेत. त्यामुळे आमच्याकडचा अबोला तूर्त चालू आहे.