ट्रेबलकाका

वाशिंद स्टेशनातून मालगाडी भोंगा वाजवत गेली तरी ट्रेबलकाकांच्या कपाळावर आठी पडत नाही. "भरीव आहे," म्हणतात. पण घरातल्या ॲम्प्लिफायरवर एखाद्या गायिकेचा 'स' जरा धारदार आला, की दाढ ठणकावी तसा त्यांचा हात गालावर जातो. "टोचला!" काय टोचलं, असं काकू पूर्वी स्वयंपाकघरातून विचारायच्या.

उभा जन्म कसारा लोकलमध्ये उभ्याने काढल्यावर, निवृत्तीच्या पैशातून काकांनी लॅमिंग्टन रोडवरून ॲम्प आणला. दुकानात तो गोड वाजला होता. तिथे गालिचा होता, जाड पडदे होते. इथे हॉलभर चकचकीत टाइल्स, काचेचं शोकेस आणि सरकत्या खिडक्या. उंच स्वर असल्या गुळगुळीत जागी आपटून जवळजवळ तसेच्या तसे परत येतात. त्यात माणसाचा कान सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यातच सगळ्यात हळवा. तेव्हा दोष ॲम्पचा कमी आणि फरशीचा जास्त, हे काकांना पक्कं ठाऊक आहे. पण फरशी काकूंच्या पसंतीची.

"मग ट्रेबलचं बटण कमी करा की," असं म्हणणाऱ्याकडे काका दयेने बघतात. त्यांनी स्पीकरची तोंडं कानावरून जरा बाजूला वळवली. उंच स्वर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, म्हणजे ट्विटरच्या, वाटेत रेझिस्टर टाकला. मग कुठूनसं कळलं, की १९७८ साली आलेल्या यामाहाच्या एनएस-१० स्पीकरचा आवाज टोचतो म्हणून स्टुडिओतले नामांकित इंजिनिअर ट्विटरवर टिश्यू पेपर लावत. काकांनी त्याच दिवशी लावला. संध्याकाळी चहाला आलेल्या व्याह्यांनी तो ओढून हात पुसले.

शेवटी समोरच्या भिंतीवर गोधडी चढली, आणि खरं सांगायचं तर आवाज सुधारला. काकांची पंचाईत हीच आहे, की त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं. चुकीचं असतं तर सोडून तरी देता आलं असतं. आषाढात मात्र गोधडीला असा कुबट वास सुटला, की गाणं ऐकायचं तर नाक धरून. काकूंनी ती उतरवली. काका म्हणाले, "बघ, परत टोचायला लागलं."

आता ते दुसऱ्यांच्या घरी जाऊनही टाळ्या वाजवतात. यजमानांना वाटतं, कौतुक चाललंय. काका भिंतीवरून परत येणारा आवाज तपासत असतात. वास्तुशांतीला गेले आणि पूजा चालू असताना "पडदे कधी लावताय?" म्हणून विचारून आले.

परवा एकादशीला देवळात भजन होतं. सभामंडपाला नुकतंच ग्रॅनाइट बसवलेलं, देणगीदारांच्या नावांसकट. त्यात टाळ म्हणजे निव्वळ ट्रेबल. अभंग रंगात आलेला असताना काका उठले आणि बुवांच्या कानाशी लागून, हा दगड आवाज कसा परत फेकतो ते सांगू लागले. बुवांनी पेटीवरचा हात थांबवला.

"मग काय करू म्हणता माउली? टाळ रुमालात गुंडाळायला सांगू?"

काकांनी मंडपावर एक नजर फिरवली.

"सगळे नकोत. खांबाजवळच्या चौघांचे गुंडाळले तरी भागेल."