पानिपतावर पडलेला पूर्वज कसा शोधावा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

या उद्योगाला भांडवल फारसं लागत नाही. एक आडनाव, घरातली एक आख्यायिका आणि निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ एवढं पुरतं. आख्यायिका बहुतेक घरांत तयारच असते: ‘आपले मूळपुरुष पानिपतावर पडले.’ नाव काय, कोणाच्या पथकात होते, कोणत्या गावचे, असं विचारलं की मात्र विषय चहावर येतो. महाराष्ट्रात पूर्वज पानिपतावर पडलेली घरं इतकी आहेत की, त्या दिवशी जे वाचले त्यांना पुढं मुलंबाळं झालीच नसावीत असं वाटू लागतं. मल्हारराव होळकर परत आले, महादजी शिंदे परत आले, दमाजी गायकवाड आले, नाना फडणीस आले. त्यांच्या मागोमाग धापा टाकत परतलेला साधा स्वार मात्र कुणाच्याच वंशावळीत सापडत नाही.

तेव्हा पहिली सूचना: हुद्दा आधी ठरवू नका. कुलसंमेलनाच्या स्मरणिकेत तुमचा पूर्वज सरदार होऊन बसलेलाच असतो. हल्ली कुणीतरी हुशार पुतण्या संगणकाकडून त्याचं चित्रही काढून घेतो. भरघोस मिशा, पागोट्यावर तुरा, मागे भगवा, आणि तलवार कुठल्यातरी हिंदी मालिकेतली. प्रत्यक्षात भाऊसाहेबांबरोबर उत्तरेत गेलेल्या त्या लोंढ्यात लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते. सईस, भिस्ती, फरास, आचारी, वाणी, कारकून. शिवाय फौजेची सोबत मिळते आहे तर मथुरा-काशी उरकून घेऊ म्हणून बायकामाणसांसह निघालेले यात्रेकरू. नाना फडणिसांबरोबर त्यांची आई गेली होती ती यात्रेसाठीच, आणि ती परतली नाही. या सगळ्या गर्दीला बखरकारांनी आणि पुढं आपणही एकच नाव दिलं: बाजारबुणगे. ‘आमचे मूळपुरुष बुणग्यांत होते’ असं छातीवर हात ठेवून सांगणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. आकड्यांचा कौल मात्र त्याच बाजूनं जातो. आणि त्यात कमीपणा कसला? जखमी महादजींना बैलावर घालून रणातून बाहेर काढणारा राणेखान भिस्तीच होता.

दुसरी सूचना: लढाई नक्की कोणती ते बघा. आपल्याकडच्या घरगुती इतिहासात अठराव्या शतकातली सगळी मरणं पानिपतात जमा होतात. दत्ताजी शिंद्यांबरोबर पडलेला माणूस बुराडी घाटावर पडला, १० जानेवारी १७६० ला, म्हणजे पानिपताच्या वर्षभर आधी. कुणी त्याच साली उदगीरला निजामाशी लढताना गेला असेल, कुणी ऑक्टोबरात कुंजपुऱ्याला, तर कुणी १७६३ साली राक्षसभुवनला. उदगीर जिंकलेली लढाई, कुंजपुरा जिंकलेला, राक्षसभुवनही जिंकलेलं; पण जिंकलेल्या लढाईत मेलेला पूर्वज कुणालाच नको असतो, हा आपल्या इतिहासप्रेमाचा एक न सुटलेला पेच आहे.

इथंच तारखेची एक सोपी परीक्षा सांगून ठेवतो, ती फुकट आहे. घरातल्या ‘जुन्या’ कागदावर ‘१४ जानेवारी, संक्रांतीच्या दिवशी धारातीर्थी पडले’ असं लिहिलेलं असेल, तर तो कागद आजोबांनी लिहिलेला आहे. इंग्रजी तारीख अठराव्या शतकातला आपला कारकून लिहीत नसे, हे झालं एक. दुसरं असं की, संक्रांत तेव्हा चौदा तारखेला येतच नव्हती. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी दोनेक दिवस अलीकडे यायची. लढाई झाली ती शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवारी. संक्रांत मराठी राज्यावर कोसळली खरी, पण तिळगूळ खाऊन झाल्यावर.

आता घरच्यांकडे वळा. पुरुषांना काहीही विचारू नका, ते कादंबरी सांगतील. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आली, आणि तेव्हापासून किती घरांतल्या आठवणी त्या पुस्तकाच्या पानांवरून चालतात ते सांगता येत नाही. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला गाठा आणि एकच प्रश्न विचारा: पितृपक्षात जास्तीचं पान कुणाचं आणि कोणत्या तिथीला? शस्त्रानं गेलेल्यांचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात. दिनदर्शिकेत त्या चौकोनात ‘शस्त्रादिहत पितृ श्राद्ध’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि आपण त्याखाली दूधवाल्याचा हिशेब लिहितो. ज्याची मरणतिथीच ठाऊक नाही, त्याचं सर्वपित्रीला. आता एखाद्या घरात चतुर्दशीला एक पान वाढलं जात असेल, आणि ते कुणाचं हे कुणालाच सांगता येत नसेल, तर तुमच्या हाती पहिला खरा धागा आला असं समजा. जे कधी परतले नाहीत आणि ज्यांचा देहही मिळाला नाही, त्यांची बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचा विधी होता. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतही डोकवा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. त्यात लढाईचं काही नसतं. कोण कधी आला, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, एवढंच. पण एखादा भाऊ सगळ्या नोंदींत आहे आणि पुढं एकाएकी नाहीच, हे तिथं दिसतं.

यापुढं मोडीशिवाय गती नाही. मोडी लवकर येते असं वर्गात सांगतात. वर्गातली मोडी लवकर येते, कारकुनाची येत नाही. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग टाक न उचलता शब्दांना शब्द चिकटवत सुटायचं, ही त्याची रीत. ऱ्हस्वदीर्घ तो मानत नाही. सालंही आकड्यांत असतीलच असं नाही. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसलं की घाबरू नका. एक, साठ, शंभर, हजार: म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येतं. हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणून पुढचा जानेवारी याच सालात, पण इसवी १७६१ मध्ये पडतो. तुमचं साल तेच.

मग पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्यांचं पेशवे दप्तर. तिथं तुमच्या आडनावाचा कप्पा नसतो. कपड्यात बांधलेले रुमाल असतात, हजारोंनी, आणि कागद कोटींत मोजतात. रुमालाची गाठ सोडली की आधी धूळ येते, मग हातकागदाचे पिवळट गठ्ठे, कडा कसरीनं जाळीदार केलेल्या, आणि शाई मात्र काल लिहिल्यासारखी काळीभोर. पहिल्या दिवशी नवशिक्या दिवसभरात अर्धं पान वाचतो आणि त्यात कुणीतरी कुणाला तीन खंडी भात पाठवलेला असतो. निराश होऊ नये. इथं खरा नियम लक्षात ठेवायचा, बाकीचं मार्गदर्शन विसरलात तरी चालेल: लढाईच्या कागदात साधा माणूस शोधू नका, हिशेबाच्या कागदात शोधा.

नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेल्या त्या सावकारी पत्राची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. दोन मोती, इतक्या मोहरा, आणि खुर्द्याची तर गणतीच नाही. मोती कोण आणि मोहरा कोण यावर आपण अडीचशे वर्षं व्याख्यानं देत आलो. तुमचा पूर्वज मात्र, हात जोडून सांगतो, खुर्द्यात आहे. त्यात डिसेंबर १७६० पासून अब्दालीनं वाटा अडवलेल्या, त्यामुळं शेवटच्या दिवसांतली छावणीची पत्रं दक्षिणेत फारशी पोचलीच नाहीत. कोण कुठं कसा पडला हे लिहायला कुणाला सवड नव्हती, आणि लिहिलं असतं तरी ते आणणारा जासूद कुठून यावा?

पण माणूस मेल्यावर हिशेब मरत नाही. पूर्वज शिलेदार असेल तर घोडा त्याचा स्वतःचा. बारगीर असेल तर घोडा सरकारचा. हजिरीच्या कागदांत घोड्याचा रंग आणि खुणा लिहीत, आणि शिलेदाराचा घोडा लढाईत पडला तर भरपाईचा प्रश्न येई. त्यामुळं तुमच्या मूळपुरुषाच्या घोड्याचा अबलख रंग सापडेल, आणि त्याचा स्वतःचा वर्ण गोरा की सावळा हे कधीच कळणार नाही, याची तयारी ठेवा. घोडा बहुधा कर्ज काढून घेतलेला, म्हणजे मागे सावकार आला. सावकार रडत नाही, तो खतं काढतो. मग विधवा येते. कामास आलेल्याच्या मुलांसाठी सरकार बालपरवेशी देत असे. ती मिळावी म्हणून अर्ज, मिळाली तर नेमणूक, बंद पडली तर पुन्हा अर्ज. आणि वतन असेल तर भाऊबंद आहेतच. पाटीलकीचा तंटा पेटला की तीसतीस वर्षांनी कुणीतरी पंचांसमोर सांगतो, आमचा वडील ‘पानपतास’ कामास आला, तेव्हा हा चुलता गावात बसून शेत दाबत होता. त्या शिवीगाळीत तुमच्या पूर्वजाचं नाव, बापाचं नाव आणि गाव एका ओळीत मिळतं. आडनाव मिळेलच असं नाही. ‘अमुकजी बिन तमुकजी’ एवढ्यावर भागवायची सवय करा.

छापील पुस्तकांबद्दल थोडक्यात. राजवाड्यांनी १८९८ साली काढलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड याच काळातल्या पत्रांचा आहे, सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून छापलेले ४५ भाग आहेत, शेजवलकरांचं ‘पानिपत’ आहे. ते वाचा. ‘भाऊसाहेबांची बखर’ही वाचा, रात्री, मजेसाठी. पुरावा म्हणून कुणाला दाखवू नका.

एका कागदापासून विशेष सावध राहायचं. घरातल्या पेटीत कंपनी सरकारच्या काळातली, स्वच्छ अक्षरातली कैफियत निघते आणि तीत पूर्वजाचा पराक्रम तपशीलवार असतो. कधी लिहिली ते बघा. १८५० नंतरची निघाली, तर इनाम कमिशन दारात आलं होतं. इनाम कशाबद्दल मिळालं ते सिद्ध करा, नाहीतर जमीन खालसा, असा तो मामला. अशा वेळी कुठल्या घराचा पूर्वज शूर निघणार नाही? तुमची आख्यायिका पानिपताइतकी जुनी नसून त्या अर्जाइतकी जुनी असण्याचा बराच संभव आहे.

एवढं सगळं करून तो खरंच मेला का, हा प्रश्न उरतोच. त्याबद्दल लाज वाटू देऊ नका, पेशव्यांच्या घरातही तो सुटत नव्हता. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई शेवटपर्यंत कुंकू लावत राहिल्या. भाऊसाहेब म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणात त्याच्यामागं माणसं आणि किल्ले जमले, आणि १७७६ साली त्याला पुण्यात देहान्त शासन झालं. राज्याच्या सेनापतीबद्दल पंधरा वर्षांनी ही स्थिती, तर तुमच्या अमुकजीनं कर्नालकडे घर केलं नसेल कशावरून? हरयाणातला रोड समाज आपण त्या मराठ्यांचे वंशज असल्याचं हल्ली सांगतो. पानिपतच्या काला अंबला तो दर जानेवारीत जमतो, आपल्याकडूनही बसगाड्या जातात. जाऊन यायला हरकत नाही. स्तंभावर तुमच्या पूर्वजाचं नाव मात्र शोधू नका.

आता शेवटची विनंती, ही तेवढी खरीखुरी. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद निघाले तर ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, दसऱ्याला हळदकुंकू वाहू नका आणि ‘कुणाला वाचता येतंय’ म्हणून नदीत सोडू नका. सुती कापडात, कोरड्या जागी, आहेत त्या क्रमानं राहू द्या आणि वाचणाऱ्याला गाठा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे. आणि वाचून झाल्यावर पूर्वज न निघता नुसता बैलाच्या खरेदीचा हिशेब निघाला, तरी तो टाकू नका. त्यात दुसऱ्या कुणाचा तरी पूर्वज असतो.