उजळ माथ्याने

कलप लावणारे काका ओळखायचे तर केसांकडे बघू नये, कानांकडे बघावं. कानाच्या वरच्या कडेला एक काळसर डाग हमखास सापडतो. साबण, लिंबू, टूथपेस्ट असे सगळे उपाय करूनही तो गेलेला नसतो. तो दिसला की समजावं, परवाचा रविवार सत्कारणी लागला.

एरवी काका बासष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त. गुडघे बासष्टचे, रक्तदाब बासष्टचा, फक्त डोकं तेवढं लग्नाच्या अल्बममधलं. आणि काळं म्हणजे किती काळं! देवानं दिलेल्या काळ्या केसांतही कुठे तपकिरी झाक असते, कुठे उन्हानं उतरलेला रंग असतो. काकांच्या डोक्यावर भर दुपारीही अमावास्या. आपण काही लावतो हे त्यांनी आजवर चारचौघांत कबूल केलेलं नाही. विचारलंच तर म्हणतात, "आमच्या घराण्यातच केस उशिरा पिकतात." हे वाक्य ते वडिलांच्या फोटोखाली बसून म्हणतात, आणि फोटोतले वडील चाळिशीतच पांढरेशुभ्र झालेले दिसतात.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे दर पंधरवड्याला अर्धा सेंटिमीटर सत्य मुळाशी उगवतं. भांगात ते खडूच्या रेघेसारखं उमटायचं, म्हणून काकांनी भांग पाडणंच सोडलं, केस सरळ मागे वळवले. ही स्टाइल आहे असं ते सांगतात.

पंधरा दिवसांनी येणाऱ्या त्या रविवारी काकांच्या घरी बाहेरच्याला प्रवेश नाही. बेल वाजली तर काकू दाराच्या फटीतूनच "हे जरा बाहेर गेलेत" म्हणतात आणि त्याच वेळी बाथरूममधून हाक येते, "अगं, मागे राहिलंय बघ!" जुन्या पेपरवर प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर काका, अंगात फक्त याच कामासाठी ठेवलेला काळ्या ठिपक्यांचा बनियन. कपाळाला आणि कानांना व्हॅसलीन. वाटी प्लास्टिकचीच, कारण धातूच्या वाटीत रंग बिघडतो, हे कॉलेजात केमिस्ट्रीत नापास झालेल्या काकांना पक्कं ठाऊक आहे. कल्ल्यांना आणि मिशीला निवृत्त टूथब्रश. मिशी हा खरा कसोटीचा प्रसंग. तिचे केस राठ, रंग लवकर धरत नाहीत, आणि ती नेमकी नाकाखाली. अमोनियाच्या वासानं शिंक येते आणि त्या अर्ध्या तासात शिंकायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. काकूंना पंधरवडाभराचं जे काही सुनावायचं असतं, ते त्या याच अर्ध्या तासात सुनावतात.

या अर्ध्या तासात डोक्यावर चाललेला उद्योग मात्र मोठा हुशारीचा आहे. अमोनिया केसांवरचे खवले उघडतो. रंगाचे बारीक कण आत शिरतात, पेरॉक्साइडशी गाठ पडली की आतल्या आत एकमेकांना जोडून मोठे होतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन शूलर नावाच्या रसायनतज्ज्ञानं असाच रंग तयार केला, आणि त्यातून पुढे लॉरियल ही कंपनी उभी राहिली. एक गोष्ट मात्र काकांना कोणी सांगितलेली नाही. तेच पेरॉक्साइड त्यांचे उरलेसुरले खऱ्या काळ्या रंगाचे केसही फिके करत जातं. म्हणून कलप उतरायला लागला की डोक्यावर तांबूस गंज चढतो. काका त्याचं खापर बोअरवेलच्या पाण्यावर फोडतात.

पाकिटावर लिहिलेलं असतं की आधी कोपराच्या आत किंवा कानामागे थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांबा. काका म्हणतात, "वीस वर्षं लावतोय, आता कसली परीक्षा?" पण या रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी वीस वर्षांनंतरही होऊ शकते. निवृत्तीआधी एका सोमवारी काकांच्या पापण्या पुरीसारख्या टम्म फुगल्या. बँकेत त्यांनी मधमाशी चावल्याचं सांगितलं, आणि दोन्ही डोळ्यांना सारखीच कशी चावली, हे न विचारण्याचा सभ्यपणा कोणी सोडला नाही. मग काही महिने ते काळ्या मेंदीवर गेले, ती 'हर्बल' म्हणून. पापण्या पुन्हा फुगल्या. नुसती मेंदी पांढऱ्या केसावर केशरी चढते. पाकिटातली मेंदी तासाभरात काळीभोर रंगली, तर आत बहुधा तोच पीपीडी बसलेला असतो. डॉक्टरांनी तो नसलेला रंग लिहून दिला, तेव्हा कुठे पापण्या जागेवर आल्या.

रंग चढवणं एक वेळ सोपं, टिकवणं अवघड. काका डोक्यावरून गरम पाणी घेत नाहीत. नरकचतुर्दशीला पहाटे सगळं घर वाफाळत्या पाण्यानं अभ्यंगस्नान करत असताना काकांच्या डोक्यावर मात्र गार तांब्या. कुडकुडत म्हणतात, "थंड पाण्यानं तरतरी येते." उशीचे अभ्रे गडद तपकिरी. लग्नाला परगावी गेले, यजमानांनी पांढरीशुभ्र उशी दिली, की काका आपला टॉवेल वर पसरून झोपतात. यजमानांना वाटतं, काय सोवळं आहे! खऱ्या सोवळ्याची तर वेगळीच पंचाईत. सत्यनारायणाला उघड्या अंगानं बसले की डोकं काळंकुळकुळीत आणि छातीवर कापसाचं शेत. उपरणं इतकं घट्ट लपेटून घेतात की आचमनाला हात सुटत नाही.

या सगळ्या काळजीत त्यांना एकच सोबतीण मिळाली, ती म्हणजे पुतणी. ती डिझाइनच्या कॉलेजात जाते. केस ब्लीच करून तिनं आधी चंदेरी केले, मग टोकं निळी. काका आधी खवळले. मग एका दुपारी दार लावून दोघं बोलत बसलेली काकूंनी ऐकली. "काका, तू सल्फेटवाला शाम्पू वापरतोस? म्हणून उतरतो! आणि रंगवल्यावर दोन-तीन दिवस डोकं धुवायचंच नाही." काका वहीत लिहून घेत होते. ती जे गल्लीभर मिरवते, तेच काका दाराआड करतात. सल्फेट नसलेल्या शाम्पूची बाटली मात्र दोघांची एकच. आता ती घरात 'पुतणीचा शाम्पू' म्हणून येते आणि महिन्याच्या आत संपते.

मला विचाराल तर काकांना तरुण दिसायचं नाहीच. तसं असतं तर त्यांनी पोटाकडे लक्ष दिलं असतं. अडचण एवढीच की कलप सुरू करायला कोणाला विचारावं लागत नाही, पण सोडायचा म्हटला तर सोमवारी सकाळी अचानक पांढरं होऊन दूध आणायला कसं जायचं? टाळेबंदीत, २०२० च्या त्या कडक दिवसांत, पाकिटं मिळेनात, तेव्हा कितीतरी काका या कचाट्यातून बिनबोभाट सुटले. आमच्या काकांनी साठा करून ठेवला होता.

शेवटी यंदा त्यांना प्रतिष्ठित वाट सापडली, तिरुपतीची. केस देवाला दिले, टोपी घालून परतले. महिन्याभरात डोक्यावर सेंटिमीटरभर पांढरं गवत आलं. कोणी काही बोललं नाही, उलट सगळ्यांनी आदरानं प्रसादाचा लाडू मागितला. काका सुखावले. पण पांढरे केस पिवळट दिसतात अशी नवी काळजी लागली. पुतणी म्हणाली, "त्याला जांभळा शाम्पू असतो, पिवळेपणा मारतो. दोन मिनिटं ठेव आणि धू." काकांनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं अर्धा तास ठेवला.

संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्या जांभूळ झाक आलेल्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काका, कोणता रंग लावलात हो?"

"रंग नाही वहिनी, शप्पथ! मी काहीच लावत नाही," काका कळवळून म्हणाले, आणि वहिनी नेहमीसारख्याच समजूतदारपणे हसल्या.